काचेच्या निबचं जुनं पेन लिहितं कसं करावं

काचेच्या निबला धातूच्या निबसारखी मधोमध चीर नसते. तिच्या अंगावर पिळदार खाचा असतात, त्या टोकाशी एकत्र येतात आणि शाई त्यांतून उतरते. शाई खाली आली की तिच्या जागी हवा आत जावी लागते, तीही याच खाचांतून. म्हणून असं पेन अडत असेल तर दोष काचेत कमी आणि या वाटेत जास्त असतो. घासायचा कागद सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. घाईने घासून वाया गेलेल्या निबा फार आहेत, आणि तशी जुनी निब परत मिळत नाही.

जपानमध्ये सासाकी सादाजिरो या काचेच्या घंटा बनवणाऱ्या कारागिराने १९०२ मध्ये अशी लेखणी केली. पुढे अमेरिकेत मिनेसोटातल्या स्पोर्स कंपनीने काचेच्या निबची फाऊंटन पेनं विकली. काच गंजत नाही आणि दाबली तरी फाकत नाही, त्यामुळे कार्बन कागद घालून नकला काढायला ही पेनं उत्तम. रेघ कुठल्याही दिशेने ओढा, जाडी तीच राहते. शाई भरल्यावर पिळातून चढणारा तिचा रंग दिसतो, ते सुख वेगळंच.

घेताना. घड्याळजीचं भिंग घेऊन टोक उजेडात फिरवून पाहा. टपरा उडाला असेल आणि खाचा अजून टोकापर्यंत पोचत असतील तर काम होतं. एक मिलिमीटरच्या वर तुकडा गेला असेल तर रेघ जाड येते आणि शाई ओघळते, तो सौदा सोडा. नंतर पेनचं अंग अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या. गंधकाचा आला तर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर; कापराचा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक. हे कळणं गरजेचं आहे, कारण एबोनाइट पाण्यात भिजत ठेवलं की तपकिरी पडतं, आणि सेल्युलॉइड ज्योतीजवळ नेलं तर भडकतं. सेल्युलॉइडला स्पिरिटही लावू नये.

सफाई. सोलापुरात बोअरचं पाणी जड. ते खाचांत सुकलं की पांढरा थर धरतं, म्हणून बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच वापरा. वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि त्यात फक्त निब बुडेल असं पेन रात्रभर उभं ठेवा. वाटीच्या तळाशी कापडाची घडी घाला, टोक टेकता कामा नये. उकळतं पाणी अजिबात नको, काच तडकते. सकाळी मऊ ब्रशने पिळाच्या दिशेने खाचा साफ करा, साध्या पाण्याने धुवा. पुसायला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर चांगलं. आपल्याकडचा टर्किश टॉवेल कितीही चांगला असला तरी इथे नको, त्याचे तंतू खाचेत अडकतात आणि रेघ केसाळ येते.

रबर बदलणं. अंगावरचा लिव्हर किंवा अर्धचंद्री पट्टी दाबून भरायच्या पेनात आत शाईची रबराची पिशवी असते. जुनी बहुधा दगड झालेली असते. निबवाला पुढचा भाग हेअर ड्रायरने लांबून कोमट करा, हाताला सोसेल इतकाच, आणि हळूहळू हलवत सरळ ओढा. निबला धरून ओढू नका. जुने तुकडे खरवडून काढा. नव्या पिशवीचा नंबर म्हणजे तिचा बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत: १६ नंबर म्हणजे पाव इंच. लांबी पेनच्या पोकळीपेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी ठेवा. चिकटवायला फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून, पातळ हाताने. फेविक्विक लावलंत तर पुढच्या वेळी तो भाग फुटूनच निघेल. लाख रात्रभर वाळू द्या, पिशवीला बिनवासाची टाल्क पावडर लावा, मग जोडा.

निब बसवणं. निब सैल असेल तर बाजूने हवा शिरते आणि कागदावर डबके पडतात. फार खोल ठोकून बसवली तर वाट आवळली जाऊन पेन कोरडं पडतं. पेनाचा भाग कोमट करून निब सरळ, न पिळता, घट्ट होईपर्यंतच ढकला. शाई भरून दहा ओळी लिहा. अडतंय असं वाटलं तर पेन बोटांत थोडं थोडं फिरवून लिहून पाहा; काचेच्या टोकाला बहुतेक वेळा एखादी बाजू गोड असते.

एवढं करूनही खरखर राहिली तरच घासायचं. रंगाच्या दुकानातला २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने भिजवून सपाट काचेवर ठेवा. पेन पंचेचाळीस अंशांत धरून, स्वतःभोवती फिरवत, हलक्या हाताने मराठी चारचा आकडा काढत राहा. पाच-सहा आकडे झाले की धुऊन लिहून बघा. कोरडं कधीच घासू नका: काचेची पूड छातीत जाते आणि टोकही टपरतं. शेवटी ५००० नंबरच्या कागदावर तेवढेच फेरे.

शाई साधी, पाण्यात विरघळणारी घ्या. कॅमलची रॉयल ब्लू चालते. चमकीची किंवा न पुसली जाणारी शाई खाचांत बसते. कागद गुळगुळीत हवा, खरखरीत वहीचे तंतू टोक ओढून घेतं.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो. ड्रॉपरने भरायचं पेन अर्धं रिकामं असलं की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते, तेव्हा त्या दिवसांत ते भरलेलं तरी ठेवा किंवा धुऊन रिकामं. टोपण लावण्याआधी त्याची आतली खोली काडीने मोजा. दुसऱ्या पेनचं टोपण बसवलेलं असेल आणि ते उथळ असेल, तर पहिल्याच आवळणीला टोक मोडतं.