वाचणाऱ्याचा हुंकार कुठं येतो?

माझी आजी गोष्ट सांगायला बसली की आधी बजावायची, "हूं म्हणायला पायजे, न्हाईतर सांगत न्हाई." आम्ही सहा-सात पोरं अंथरुणात पडून हूं करत राहायचो. हूं ढिला पडला की ती मधला डोंगर-जंगलाचा भाग गाळून थेट राक्षसाच्या दारात जायची. सगळ्यांचा श्वास अडकला की मात्र ती मुद्दाम हळू व्हायची.

आज आपण लिहिलेली कथा कुणीतरी फोनवर वाचतो. केएमटीच्या बसची वाट बघताना, नाहीतर कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. त्याचा हूं आपल्यापर्यंत पोचत नाही. तो हूं लिहितानाच कल्पनेनं ऐकायला लागतो, आणि हे शिकता येतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्या घरी दर शनिवारी सात-आठजण लिहायला बसतात, त्यांना मी पहिली हीच गोष्ट सांगते.

"आजच्या वाचकाला धीर नाही" हे वाक्य मला पटत नाही. 1912 साली शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग कुस्ती मैदानात जाऊन बघा. दोन पैलवान कितीही वेळ नुसती खडाखडी करत, म्हणजे डाव न टाकता एकमेकांचा अंदाज घेत असले तरी माणूस जागचा उठत नाही, कारण कोण कुणाशी लढतोय आणि हरला तर काय जाणार, हे त्याला माहीत असतं. तेवढं दोन-तीन वाक्यांत कळलं की फोनवरचा माणूसही थांबतो.

आता कृती. कच्चा मसुदा कागदावर घ्या, डाव्या बाजूला रुंद समास सोडा. मोठ्यानं वाचा. ऐकणारा जिथं मान डोलवेल तिथं समासात "हूं" लिहा. जिथं त्याला पुढचं विचारावंसं वाटेल तिथं "मग?" लिहा. काहीच येणार नसेल तर जागा कोरी ठेवा. सलग तीन वाक्यं कोरी राहिली की त्यांतलं निदान एक कामाचं नाही, असं धरून चाला.

एक उदाहरण सविस्तर घेते. आमच्यातल्या एकानं 2019 च्या महापुरावर कथा आणली. सुरुवात अशी होती: "ऑगस्ट महिन्यात पंचगंगेनं रौद्र रूप धारण केलं. सर्वत्र हाहाकार माजला. महामार्ग बंद झाला." समास पूर्ण कोरा. कारण कोल्हापुरात हे कुणाला माहीत नाही? शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, चिखली-आंबेवाडीची माणसं घरं सोडून निघाली होती, हे सगळ्यांनी एकतर बघितलंय नाहीतर भोगलंय. मी त्याला विचारलं, "तू त्या दिवशी हातात काय धरलं होतंस?" तो म्हणाला, "दावं." मग त्यानं पहिलं वाक्य लिहिलं:

"दावं सोडलं, पण म्हस जागची हलंना."

खोलीतले सगळे एकदम "मग?" म्हणाले.

दुसरी दुरुस्ती आकड्याची. त्यानं लिहिलं होतं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोका पातळीच्या वर गेलं. धोका पातळी 43 फूट, हे खरं. पण गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला बंधारा दिसत नाही. त्याला काय दिसतं? खूप खोदल्यावर तो म्हणाला, आजी दर थोड्या वेळानं चुलीपुढनं उठून दाराच्या पायऱ्या मोजायची. चार होत्या, मग तीन, मग दोन. आम्ही 43 फूट काढून पायऱ्या ठेवल्या. तुमच्या मसुद्यातला बातमीतला प्रत्येक आकडा असाच तपासा: ही गोष्ट पात्राला कशावरून कळते? उत्तर टीव्हीवरून असेल तर टीव्ही ठेवा, पण तो कुठल्या खोलीत आहे आणि समोर कोण बसलंय तेही मग सांगायला लागतं.

तिसरी दुरुस्ती संवादाची, आणि इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. एका कथेतली बाई म्हणत होती, "मी येतो जरा बाजारातनं." मी "येतो" वर रेघ मारून "येते" केलं. छापून आल्यावर लेखक आले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बाई, तुमच्या घरात काय म्हणतात?" आमच्या घरात आई, आजी, आत्या सगळ्या "मी आलो", "मी जातो" म्हणायच्या. मीही म्हणते. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका असंच बोलतात. माझ्या आईच्या तोंडातलं क्रियापद मीच खोडलं होतं. त्या दिवसाची ती बोच अजून गेलेली नाही, आणि म्हणून सांगते: निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं तर ठेवा, पण पात्राचं बोलणं दुरुस्त करू नका. महापुराच्या कथेत आजी म्हणते, "तू हो म्होरं. मी म्हशीसंगं ऱ्हातो." तिथं "राहते" करून बघा, सगळी आजी निघून जाते.

मात्र बोली शिंपडू नका. "नाद खुळा" आणि "लई भारी" दर चार ओळींनी पेरले की कोल्हापूर होत नाही. बोली क्रियापदात असते: "काय करायलाईस", "कुठं चाललाईस". ती कानानं गोळा करायची. गंगावेशीत संध्याकाळी समोर धार काढलेलं दूध प्यायला माणसं जमतात. तिथं अर्धा तास उभं राहा आणि ऐकलेली दोन वाक्यं घरी येऊन त्याच रात्री, जशीच्या तशी वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी ती आपोआप पुस्तकी होतात. कुणाचा चोरून आवाज मात्र रेकॉर्ड करू नका. आपल्या कथेसाठी कुणाचा विश्वास घालवायचा नाही.

आता ऐकायच्या कथांबद्दल. माझ्या वाचनाचा वेग मिनिटाला साधारण 120 शब्द पडतो, म्हणजे 900 शब्दांना साडेसात मिनिटं. मसुदा फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि भांडी घासताना ऐका, हातात कागद नको. दोन गोष्टी लगेच सापडतात. श्वास अपुरा पडणारी वाक्यं, आणि "तो", "त्याला", "त्यानं" म्हणजे नेमका कोण ते कळत नाही अशा जागा. डोळा मागच्या ओळीवर जाऊ शकतो, कान जात नाही. तिथं सर्वनाम काढून सरळ नाव घाला.

परिच्छेदांचं थोडक्यात: फोनच्या पडद्यावर एका ओळीत पाच-सहा शब्द मावतात. साठ शब्दांचा परिच्छेद तिथं दहा-बारा ओळींचा होतो, तेवढा चालतो. पण प्रत्येक वाक्याला नवी ओळ करायची जी सवय लागली आहे ती मला आवडत नाही. त्यानं सगळंच महत्त्वाचं दिसतं आणि खऱ्या महत्त्वाच्या वाक्याला जागा उरत नाही.

शेवट लिहून झाला की ती कथा लिहिण्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला वाचून दाखवा. "कशी वाटली?" विचारू नका, चांगली आहे असंच उत्तर येतं. शेवटच्या ओळीनंतर तो काय करतो ते बघा. "मग?" म्हणाला तर काहीतरी सांगायचं राहिलंय. महापुराच्या कथेत आधी शेवटी एक परिच्छेद होता, निसर्गापुढे माणूस किती लहान, अशा अर्थाचा. तो काढला. आता कथा आजी पायरीवर बसते आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवते तिथं थांबते.

ती मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग गॅस बंद करून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या भितीवर पाण्याची रेघ अजून हाय. भावानं रंग दिला, तेवढी सोडून."