आईने ढकलून पाठवलेल्या पोराला पुस्तक देताना

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयात असं पोर आलं, की ‘काय वाचतोस?’ मी विचारतच नाही. उत्तर ठरलेलं: ‘काही नाही.’ रात्र जागून कुठली सिरीज संपवलीस, ते विचारा. मधे आईच बोलू लागली तर तिच्या हातात पेपर द्या.

नववीतल्यांना मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ कादंबरी आवडतेच, पण तिथे थांबू नका. जाड पुस्तकाला बिचकणाऱ्या मुलीला मी ‘द पोएट एक्स’ देते. २०१८ची कादंबरी; न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, मूळच्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या घरातली मुलगी आईपासून लपवून कविता लिहिते. सगळी गोष्ट कवितांतूनच, त्यामुळे पानं भराभर उलटतात.

दोनच पुस्तकं द्या, एक ओळखीच्या जगातलं, एक लांबचं. वीस पानांत नाही रमलं तर खुशाल परत. परतीच्या वेळी मी एवढंच विचारते, ‘झोप कुठल्या पानावर लागली?’