बॅटरी फुल, तरी कॅम्परव्हॅनचा फ्रिज बंद पडतोय? आधी हे बघा

१२ व्होल्टवाला कॉम्प्रेसर फ्रिज रात्री आपोआप बंद होतो, बॅटरी मात्र चांगली चार्ज असते, मग लोक सरळ फ्रिजच खराब म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा दोष वायरचा असतो. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि:

१. फ्रिज *चालू असताना*, म्हणजे कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत असताना, बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा.

२. लगेच फ्रिजच्या मागे जिथे वायर लागते तिथे बघा. बंद असताना मोजून काही उपयोग नाही, लोड नसला की सगळं छानच दिसतं (मी याच्यातच एक अख्खी दुपार घालवली).

३. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मधे कुठेतरी व्होल्टेज पडतंय, आणि फ्रिजला बॅटरी उतरल्यासारखं वाटतं. पहिला संशय सिगारेट लायटरच्या सॉकेटवर, ते हलतं, गरम होतं. मग फ्यूज होल्डर, अर्थिंगचा नट, आणि शेवटी बारीक वायर. वायर जाड टाकली आणि सॉकेट काढून डायरेक्ट कनेक्शन केलं की बहुतेक वेळा काम होतं.

फरक नसेल तर फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन (बॅटरी किती उतरली की फ्रिजने बंद व्हायचं ती सेटिंग; हाय म्हणजे लवकर बंद) हाय वर आहे का बघा, ते लो किंवा मीडियम करून पाहा. पण व्हॅन स्टार्ट करायची बॅटरीही तीच असेल तर हाय वरच राहू द्या, नाहीतर सकाळी धक्का मारावा लागेल.

फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकू नका, वायर पेटते.