लेकराला घेऊन मिसळीला निघताय? या चुका टाळा

मूल झालं की नाशिककराच्या आठवड्यातून सगळ्यात आधी गळते ती रविवारची मिसळ. आधी बाळंतपण, मग लसी, मग जागरणं, मग "आत्ताच झोपलंय, हलवू नको." बघता बघता वर्ष-दीड वर्ष उलटतं. ज्या टेबलावर लग्नाआधीपासून बसत आलो, तिथला वाढपी आता ओळखेल की नाही अशी शंका यायला लागते. मग एका शनिवारी रात्री ठरतं, उद्या जायचंच.

जायलाच पाहिजे. मूल लहान आहे म्हणून आईबापांनी आवडीची जागा सोडून द्यावी, हे मला अजिबात पटत नाही. तरी बऱ्याच घरांत ही पहिली फेरी फसते आणि नंतर सहा महिने कुणी नाव काढत नाही. फसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण जुनी सकाळ तशीच्या तशी परत करायला निघतो आणि मुलाला तिच्यात बसवू बघतो. मुलाचं घड्याळ आधी धरलं आणि मिसळ त्यात बसवली, तर दोघांचंही जमतं.

झोपेच्या वेळेवर जाऊन धडकणं

रविवारी दहानंतर नावाजलेल्या मिसळीच्या जागी नंबर लावून थांबावं लागतं. त्यात मुंबई-पुण्याहून आलेल्यांच्या गाड्या असतात, शहराबाहेरच्या झोपाळेवाल्या जागांवर तर अख्खी कुटुंबं तासभर रेंगाळतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यातली दुपारची डुलकी बाराच्या आसपास येते. दहाला निघालात, पाऊण तास उभे राहिलात, तर ताट समोर येतं तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं. तेव्हाची किरकिर कुठल्याच खेळण्याने थांबत नाही, कारण त्याला खेळायचं नसतंच.

म्हणून साडेआठ ते साडेनऊ ही वेळ धरा. मूल ताजंतवानं असतं, जागा मोकळी असते आणि रस्सा पहिल्या वाफेचा मिळतो. सवड असेल तर रविवार सोडून शनिवार बघा, किंवा मधल्या वारी एक दिवस रजा काढा. जुन्या गावात, मेनरोड-भद्रकालीकडे जायचं असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. उशिरा उठलात तर बेत दुपारवर ढकलू नका. मिसळीच्या बऱ्याच जागा रस्सा संपला की आवरायला घेतात.

आणि निघण्याआधी एक फोन करा. दीड वर्षात बरंच बदलतं. जागा हललेली असते, साप्ताहिक सुट्टीचा वार बदललेला असतो, कधी चालवणारेच बदललेले असतात. मुलाला उचलून गाडीतून उतरायचं आणि समोर शटर बंद, हे टाळता येण्यासारखं आहे. मुलांची खुर्ची आहे का, तेही त्याच फोनवर विचारून टाका.

दुचाकीवर मध्ये दाबून बसवणं

नाशिकमध्ये अर्ध्याहून जास्त घरं मिसळीला स्कूटरवरच जातात असं माझ्या डोळ्यांना दिसतं. मूल दोघांच्या मध्ये, नाहीतर पुढे उभं. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा पट्टा पिशवीसारखा अंगात घालता येतो. तो नसेल तर रिक्षा करा. थंडीत तर सकाळच्या वाऱ्यात मूल पुढे उभं करूच नका, कानटोपी घातली तरी.

चारचाकी असेल तर जुन्या गावात ती लांब लावून चालत जायची तयारी ठेवा. बाबागाडी तिथे कामाची नाही. दुकानांच्या पायऱ्या, लावलेल्या गाड्या, हातगाड्या यातून ती पुढे सरकत नाही. कडेवर घ्या, नाहीतर अंगाला बांधायची झोळी वापरा.

दोन्ही ताटं एकदम मागवणं

ही चूक सगळेच करतात आणि मिसळीची मजा इथेच जाते. दोन ताटं येतात, आई मुलाला भरवत बसते, तोवर फरसाण रश्शात भिजून लगदा होतं, पाव थंड पडतो आणि शेवटी ती कोमट मिसळ घाईघाईत चार घासांत संपवते. इतक्या दिवसांनी आली ती यासाठी नाही.

आधी एकच मिसळ मागवा. रस्सा वेगळ्या वाटीत सांगा आणि खायला बसल्याशिवाय मटकीवर ओतू नका. पहिला खातो तेव्हा दुसरा मुलाला घेऊन हात धुवायच्या जागेपर्यंत, दारापर्यंत, झोपाळ्यापर्यंत फिरतो. त्याची पाळी आली की दुसरं ताट गरम गरम सांगायचं. आणि पहिली पाळी आईची ठेवा. हे मी आग्रहाने सांगतेय, कारण घराघरांत ती आपणहून शेवटची पाळी घेते. आजी-आजोबा सोबत असतील तर तिसरा हात मिळतो, मग एखादं गरम ताट दोघांना समोरासमोर बसूनही खाता येतं.

मुलाचं खाणं घरूनच नेलेलं बरं. खिचडी, मऊ वरणभात, पोळीचा कुस्करा, काहीही. बहुतेक हॉटेलवाले मुलाच्या डब्याला हरकत घेत नाहीत, एक शब्द विचारलेला बरा. तिथे गेल्या गेल्या आधी त्याचा डबा उघडा, मग तुमची ऑर्डर द्या. पोट भरलेलं मूल तुम्हाला वीस मिनिटं देतं. उपाशी मूल दोनही देत नाही.

तर्रीची चव आणि तर्रीचा हात

आजी प्रेमाने म्हणते, "चाटव गं जरा, नाशिकचं लेकरू आहे, सवय व्हायला नको?" तिला दुखवायचं नसतं. "अहो आई, त्याला दह्यात बुडवून पाव द्या ना, तुमच्या हातून खाईल" असं म्हटलं की तिचीही हौस भागते आणि मूलही वाचतं. काळा रस्सा म्हणजे भाजलेलं खोबरं, कांदा, खडा मसाला, वर तेलाचा कट, आणि मीठही सढळ. एक-दोन वर्षांच्या पोटाला यातलं काही लागत नाही. मटकीसुद्धा विचारून घ्या. काही ठिकाणी ती साधी उकडलेली असते, काही ठिकाणी तिखटातच शिजवलेली. साधी असेल तर चमच्याने चेचून द्यायला हरकत नाही.

तरी तिखट लागलंच तर लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावू नका. मिरचीचा जाळ करणारा घटक पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो. तो तेला-तुपात विरघळतो, शिवाय दुधातल्या प्रथिनाला चिकटून निघून येतो. म्हणून दही द्या. मिसळीबरोबर वाटी येतेच, ती मुलासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. दही नसेल तर दूध. एक वर्षाखालच्या बाळाला मध मात्र चाटवू नका, कितीही रडलं तरी. त्या वयात मधातून होणारी विषबाधा गंभीर असते.

खरा त्रास होतो तो हातांनी. दीड वर्षाच्या मुलाला टेबलावरचं ताट नीट दिसतही नाही. ते खालून हात घालतं, बोटांना लागेल ते ओढतं. बोटं तर्रीत बुडतात आणि दुसऱ्या क्षणाला तोच हात डोळ्यावर जातो. असं झालं तर आधी तुमचे स्वतःचे हात साबणाने धुवा, कारण तुमच्याही बोटांना तिखट असतं. मग मुलाचं डोकं त्या डोळ्याच्या बाजूला कलतं करून, स्वच्छ साध्या पाण्याची बारीक धार नाकाच्या बाजूने बाहेर जाईल अशी पाच-दहा मिनिटं सोडा. चोळू नका, पदराने पुसू नका. लाली आणि रडणं त्यानंतरही टिकलं तर डॉक्टरांकडे जा.

गरम रस्सा मांडीजवळ

मुलाला मांडीवर घेऊन मिसळ खाणं सोडून द्या, पूर्णपणे. उकळत्या रश्शाची वाटी, चहाचा कप आणि झेप घेणारं मूल एकाच हातभर अंतरात नकोत. वाटी टेबलाच्या मध्यावर ठेवा, वाढप्याला सांगा की रस्सा मुलाच्या डोक्यावरून वाढू नका, पलीकडून द्या. ते समजून घेतात, आधी सांगावं लागतं एवढंच. चुलीवरच्या मिसळीच्या जागी मूल मोकळं सोडायच्या आधी चूल कुठे आहे ते बघून घ्या.

अंगावर सांडलंच तर भिजलेला कपडा लगेच काढा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग २० मिनिटं धरा. वीस मिनिटं फार वाटतात, आजूबाजूचे दहा सल्ले देतात, तरी धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. तोंड, हात, पाय किंवा शू-शीच्या जागी भाजलं असेल, किंवा फोड आले असतील, तर तिथूनच दवाखान्यात जा.

घशात अडकणाऱ्या गोष्टी

मिसळीच्या टेबलावर मुलाच्या हाताशी काय काय येतं बघा. अख्खे शेंगदाणे, कच्च्या कांद्याचे तुकडे, पापडाची टोकदार कपची, कडक शेव. वर जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम, वाटेत किलोभर घेतलेलीच असतात. अख्खं द्राक्ष मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. आपल्या गावची द्राक्षं मुलाने खावीत, जरूर खावीत, पण उभी चार फाकी करून. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत. साबुदाणा वडा आतून चिकट असतो, द्यायचा तर अगदी बारीक तुकडा, समोर बसून.

ठसका आणि अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. मूल जोरात खोकतंय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्या. घास तेच बाहेर काढेल. पाठीत थापट्या मारू नका, तोंडात बोटं घालू नका. आवाजच बंद झाला, खोकला क्षीण झाला, ओठ निळसर झाले, तर तो घास अडकलेला आहे. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ ठोके द्या. निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या जरा वर ५ वेळा आत-वर दाब द्या, पुन्हा ठोके, पुन्हा दाब. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून ५ ठोके आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. त्याच्या पोटावर दाब कधीच नाही. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ लावायचा. बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या लसीला जाल तेव्हा हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. वाचून कळतं, हाताला येत नाही.

कुठलाही नवा पदार्थ पहिल्यांदा हॉटेलात देऊ नका. दाणे, तीळ, खोबरं हे सगळं आधी घरी, थोडं थोडं, दिवसा देऊन बघितलेलं असावं. अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या, धाप, यातलं काही बाहेर सुरू झालं तर गर्दीत धावपळ होते.

जिलबी मागवाल तेव्हा मूल हात पसरेलच. दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा जिलबी मूल पलीकडे फिरायला गेलं असताना खा.

गप्प बसावं म्हणून मोबाइल

हे मला सगळ्यात जास्त टोचतं. दोन वर्षांखाली पडदा नको हे तर आहेच, शिवाय पडद्याकडे बघत खाणारं मूल चावायचं विसरतं आणि अडकण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा स्टीलचा रिकामा पेला आणि दोन चमचे द्या. पाव कुस्करू द्या. सांडलं तर निघताना आपणच कागदाने गोळा करा आणि आवरणाऱ्याला बक्षिशी थोडी जास्त ठेवा. किरकिर वाढली तर पाच मिनिटं बाहेर नेऊन आणा. दोनदा नेऊनही थांबली नाही तर ओढाताण करू नका, उरलेलं बांधून घ्या.

लंगोट बदलायची सोय जुन्या हॉटेलांत नसते. घरून निघताना बदला, गाडीच्या मागच्या सीटवर अंथरायला दुपटं ठेवा. पाणी घरचं.

पार्सल घेताना मटकी, फरसाण आणि रस्सा तिन्ही वेगळे बांधायला सांगा. घरी आल्यावर रस्सा खळखळून उकळा, पाव तव्यावर बटर न लावता नुसता शेकून घ्या. मूल दुपारी झोपलं की दोघांनी बसून खा. उन्हाळ्यात पार्सल गाडीत तासन्‌तास ठेवू नका, मोड आलेली मटकी लवकर आंबते.