प्राग बघायला जाताय? या चुका टाळा

व्हिएन्नाहून सकाळी निघायचं, दुपारी प्रागला उतरायचं, चौक, घड्याळ, पूल, किल्ला असं भराभर उरकायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्लिनची बस धरायची. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत प्राग असंच येतं. सगळ्यात मोठी चूक हीच. भर दुपारी सगळ्या गावाचे पाहुणे त्याच चार जागी असतात. किमान दोन रात्री राहा, म्हणजे दोन पहाटा हाती लागतात.

कारण चार्ल्स पूल पहाटेच बघावा. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1357 साली त्याची पायाभरणी केली. मुहूर्त काढला होता म्हणतात: नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी. ओळीने लिहिलं की 1-3-5-7-9-7-5-3-1, उलटसुलट सारखंच. उन्हाळ्यात गेलात तर त्याच वेळेला पुलावर जाऊन उभे राहा. अर्धा किलोमीटर लांबीच्या पुलावर दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे, खाली व्लतावा नदी, आणि माणसं मोजकीच. दुपारी याच पुलावर सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्याला हात लावायला रांग लागते. 1393 साली राजाच्या हुकमाने या धर्मगुरूला नदीत टाकलं होतं. स्पर्शाने झिजून त्याच्या चौथऱ्यावरचं पितळी चित्र सोन्यासारखं चकाकतं. पहाटे ते निवांत बघता येतं.

जुन्या गावाच्या चौकातलं खगोलीय घड्याळ 1410 सालचं. तासाला पाच मिनिटं कमी असताना गर्दी जमते, फोन वर होतात, सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांचे पुतळे फिरतात, कोंबडा आरवतो आणि मिनिटभरात खेळ संपतो. "एवढंच?" म्हणत लोक पांगतात. चूक एवढीच, की ते खिडक्यांकडे बघत राहिले. बघायची आहे ती खिडक्यांखालच्या दोन तबकड्यांपैकी वरची. निळा भाग दिवसाचा, काळा रात्रीचा. सोनेरी सूर्य त्यावरून फिरतो आणि राशींच्या कड्यावर तो कुठे आहे त्यावरून रास कळते. मात्र ही रास सायन आहे. आपल्या पंचांगातली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, इथला सूर्य 21 डिसेंबरच्या सुमारास मकरेत जातो. सगळ्यात बाहेरचं, सोनेरी आकड्यांचं कडं जुन्या बोहेमियन पद्धतीने तास मोजतं, सूर्यास्तापासून. आपण इष्टघटी सूर्योदयापासून मोजतो, तशीच ही रीत, फक्त आरंभ मावळतीचा. तास होऊन गर्दी ओसरली की दहा मिनिटं थांबा.

आता पैसे. इथलं चलन युरो नाही, कोरुना. 'शून्य कमिशन' अशी पाटी बघून मी पहिल्या वेळी एका काउंटरवर पैसे बदलले, आणि दर इतका वाईट निघाला की दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे तिथेच गेले. पैसे देण्याआधी "हातात नेमके किती कोरुना येणार?" हे लिहूनच घ्या. तरीही फसलात, तर 2019 पासूनच्या नियमाप्रमाणे 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, म्हणून पावती जपा. रस्त्यात कोणी "चांगला दर देतो" म्हणत जवळ आला तर थांबूच नका, हातात भलत्याच देशाच्या नोटा पडतात. एटीएमने रुपयांत हिशोब करू का विचारलं, तर नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा.

ट्राममध्ये कागदी तिकीट खिशात असणं पुरेसं नाही. चढल्यावर लगेच पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा, नाहीतर तपासनीस दंड घेतो आणि "माहीत नव्हतं" हे चालत नाही. ट्राममधल्याच यंत्रावर कार्डाने काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही.

किल्ल्यावर चालत चढू नका, विशेषतः आईबाबा बरोबर असतील तर. 22 नंबरच्या ट्रामने वर जा आणि पायऱ्यांनी खाली उतरा. दगडी फरसबंदीवर नवे कडक बूट पाय सोलतात. आवारात फिरायला तिकीट लागत नाही. आतल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पुरं झालं. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, त्यामुळे पाहुण्यांना दुपारीच आत सोडतात. डावीकडच्या खिडक्यांत अल्फोन्स मुखाने रंगवलेली काच शोधा.

शनिवार योसेफोवसाठी, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीसाठी, ठेवू नका. त्या दिवशी तिथली सिनेगॉग आणि संग्रहालयं बंद असतात. शनिवारीच पोचलात तर त्या दिवशी विशेह्राद हा दुसरा जुना किल्ला करा, द्वोर्झाक आणि स्मेताना हे संगीतकार तिथल्या दफनभूमीत आहेत. योसेफोव रविवारी सकाळी करा. तिथे पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी काळात मारल्या गेलेल्या जवळजवळ 80,000 ज्यू माणसांची नावं हाताने लिहिलेली आहेत. गावाचं नाव, मग आडनाव, मग घरातल्या एकेकाचं नाव आणि तारखा. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत: घरं, फुलपाखरं, जेवणाचं टेबल. तिथे दोन तास हाताशी ठेवा, आणि त्यानंतर लगेच दुसरं काही ठरवू नका.