मनातला लव्हाळा मुळासकट कसा काढावा

वाट, खडकाळ, काटेरी आणि चांगली. बायबलमधल्या मत्तयाच्या 13व्या अध्यायात, पेरणाऱ्याच्या दाखल्यातल्या या चार जमिनी आपण लहानपणापासून ऐकतो. आपलं अंतःकरण यातलं कोणतं, हे ठरवत बसू नका. एकाच शेतात चारही असतात.

आधी नांगरणी. पडीक जमीन नांगरा, काट्यांत पेरू नका, असं यिर्मया 4:3 मध्ये आहे. रोज रात्री मोबाइल बाजूला ठेवून, दिवसभरात कुठे चुकलं ते प्रभूला नीट सांगा. एवढं पुरे.

खरं कष्टाचं काम खुरपणीचं, म्हणजे मनात रुजलेला राग उपटण्याचं, आणि तिथेच लोक फसतात.

आम्ही राहतो ऐरोलीला, पण शिळफाट्याच्या पुढे थोडी जमीन अजून आहे. भात कापलं की तिथे वालाचे आणि वांग्याचे वाफे करतो. खाचरात पाणी असतं तोवर लव्हाळा, हे चिवट तण, गप्प. पाणी आटलं, की वाफाभर उभा. हाताने ओढला तर पात सहज हातात येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. खाली मात्र हरभऱ्याएवढ्या काळ्या गाठी तारेसारख्या मुळांनी एकमेकींना बांधलेल्या तशाच राहतात. आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवं.

सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून माझं आणि दादाचं फाटलं. नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्या काळात मी त्याला कितीदा तरी माफ केलं! चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या आधी डोळे मिटायचे, ‘माफ केलं’ म्हणायचं आणि उठायचं. मग नाताळात त्याच्या गॅलरीतला तारा दिसला, की घशाशी पुन्हा तेच कडू. मी नुसती पात ओढत होतो.

लव्हाळ्याला खुरपं खोल घालावं लागतं. माती सैल करायची, मुळाचा धागा तुटू न देता बोटांनी चाचपत शेवटच्या गाठीपर्यंत जायचं. मनातही तसंच. ‘त्याने माझं वाईट केलं’ ही झाली पात. नेमकं काय दुखलं, ते वहीत लिहा. मी लिहायला बसलो तेव्हा कळलं, की राग पैशांचा नव्हताच. बाबा अंथरुणावर असताना दादाने कागदावर सही घेतली आणि मला विचारलंही नाही, ती गाठ होती. सापडली ती गाठ प्रभूसमोर मोठ्याने बोलून दाखवा. मग त्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, रोज. पहिले पंधरा दिवस शब्द घशात अडकतील. तरी करा.

उपटलेल्या गाठी बांधावर टाकू नका, पावसात तिथूनच फुटतात. म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याची कहाणी साऱ्या नातेवाइकांना सांगत फिरू नका.

दोन सल्ले अजिबात ऐकू नका. पहिला, ‘वेळ जाऊ दे, विसरशील.’ लव्हाळा वेळ दिला की पसरतो. दुसरा, ‘निदण कापणीपर्यंत राहू द्यावं असं शास्त्रातच आहे.’ निदणाच्या, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या, त्या दाखल्यातलं शेत म्हणजे जग आहे, मत्तय 13:38 वाचा. आपल्या अंतःकरणातल्या कडूपणाच्या मुळाविषयी इब्री 12:15 आहे, आणि तिथे ते राहू द्या असं म्हटलेलं नाही.

क्षमा म्हणजे हक्क सोडणंही नव्हे. आमच्या भूखंडाचा हिशोब अजून वकिलाकडे आहे. पण आता दादाच्या घरी मी चहा पितो.

मोकळ्या वाफ्यात लगेच पेरा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, वाल दाट आला की तो खुरटतो. मनात पेरायला सकाळी एक शास्त्रभाग, सावकाश वाचलेला, पुरतो.

कोंब पुन्हा येईलच. पेत्राला प्रभूने सातदा नव्हे, साताच्या सत्तरपट क्षमा करायला सांगितलं ते उगाच नाही. कोंब दिसला की दोन-तीन पानांचा असतानाच खुरपं घ्या. थांबलात तर खाली नवी गाठ धरते.