जंगलाचं फिरतं प्रदर्शन काढताय? आधी टीपीचं बघा

फलक कसे लिहायचे, छपाई कुठे करायची हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला येतंच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 2015 पासून फिरणारी बस पाहून अनेकांना वाटतं, गाडी मिळाली की झालं. गडचिरोलीत गाडी सहज मिळते. प्रश्न असतो गाडीत काय भरलंय याचा.

आमच्या पिकअपमध्ये सागाची ताटाएवढी चकती होती. मुलांना बोट ठेवून वर्षवलयं मोजता यावीत म्हणून गुळगुळीत घासलेली. एका शेतकऱ्याने बांधावर पडलेल्या झाडाची कापून दिली होती. वनोपज, म्हणजे लाकूड-बांबूसारखा जंगलचा माल, तपासणाऱ्या नाक्यावर गाडी अडली ती अंधार पडेपर्यंत, कारण चकतीची टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, नव्हता. तिथल्या वनरक्षकाचं काही चुकलं नव्हतं. भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 69 वाचून ठेवा: वनोपज कोणाची असा प्रश्न आला की ती सरकारचीच धरली जाते, तसं नाही हे सिद्ध करायचं तुम्ही. ‘प्रदर्शनासाठी आहे’ एवढ्याने भागत नाही. मालकाचा सातबारा, त्याचं संमतिपत्र, वनपरिक्षेत्र कार्यालयाचं पत्र, मुक्कामाच्या गावांची यादी, प्रत्येक वस्तूचा मोजमापासह फोटो, आणि टीपी लागत असेल तर टीपी. सगळ्याच्या दोन प्रती करा, एक चालकाजवळ द्या. दुसऱ्या वनविभागात शिरणार असाल तर तिथेही आधी कळवा. फोनवर मिळालेल्या होकारावर कधीही निघू नका.

सांबराचं शिंग, वाघाचं नख तर घ्यायचंच नाही. गावातली म्हातारी माणसं फार प्रेमाने आणून देतात. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली तुम्ही अडकाल आणि तुमच्याआधी ते आजोबा अडकतील. त्यांचा फोटोही फलकावर नको.

एवढं वाचून बेत रद्द करू नका. कागदपत्रं एकदा जमली की पुढच्या फेऱ्यांना बरीचशी तीच कामी येतात, फक्त पत्रं नव्या तारखा-गावांची आणि टीपी लागत असेल तर ती नव्याने घ्यायची. शिवाय प्रदर्शनाचा गाभा याच कागदांत आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला परवाना वनखात्याच्याच हातात होता. एप्रिल 2011 मध्ये टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, म्हणजे परवाना गावच देऊ लागलं. आमच्याकडे लोक सर्वांत जास्त वेळ याच फलकासमोर थांबतात, कारण बांबू-तेंदूची विक्री करणाऱ्या ग्रामसभांना टीपीची किंमत ठाऊक आहे. 1878 चा वन कायदा, 1927 चा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा हे तीन फलक त्याच्याआधी लावा, म्हणजे त्या पुस्तकाचं वजन कळतं.

नेटवरून उतरवलेले जंगलाचे फोटो लावणं मला अजिबात पटत नाही. धानोऱ्याच्या माणसाला आपलं जंगल कोणतं नि परकं कोणतं हे लगेच कळतं, आणि मग बाकीच्या फलकांवरही त्याचा विश्वास बसत नाही. मार्गदर्शकही मोठ्या पदवीचा शोधू नका. निवृत्त वनरक्षक गाठा, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) कुठे पडला, जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) कुठून जायची हे तो पायी चालून दाखवतो. त्याच्याइतकंच मोहफुलं वेचणाऱ्या बाईचंही ऐकून घ्या. त्याच जंगलाबद्दल ती वेगळंच सांगते, आणि दोघांचंही फलकावर यायला हवं.

मोहाचा आणि तेंदूचा हंगाम टाळा, तेव्हा गाव जंगलात असतं. धानाची मळणी उरकली की निघा, मांडणी आठवडी बाजाराच्या दिवशी करा, आणि वाटेतल्या नाक्यांवर पत्रं आठवडाभर आधी पोचवून त्यांची पोच घ्या.